पिवळ्याला पिवळी

जालना, १९ फेब्रुवारी १९८९

ती. भुजंगदादास,

नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, कारण मी अजून रागात आहे.

द्वारकावहिनीनं पाठवलेले चांदीचे वाळे मिळाले, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती, जुन्या फडक्यात बांधलेले. गोजरच्या बारशाला आत्या म्हणून मी तिच्या कानात आपल्या आईचं नाव सांगितलं आणि हेच वाळे तिच्या पायात घातले, त्याला सतरा वर्षं झाली. दिलेली वस्तू परत करायची पद्धत आपल्या घरात नव्हती. वहिनीच्या माहेरी असेल.

गेल्या रविवारी वाटूरच्या शाळेच्या मैदानावर मी जे केलं, त्याला वहिनी ‘भरल्या मांडवात लेकीची अब्रू काढली’ असं म्हणत फिरते, हे माझ्या कानावर आलं. मांडव आरोग्य खात्याचा होता, लग्नाचा नव्हता. कलेक्टरसाहेब बसले होते, पेपरवाले आले होते. दोन वर्षं खपून मी तीन तालुक्यांतल्या लग्नाच्या वयाच्या पोरापोरींचं रक्त तपासलं आणि त्यातलं पहिलं कार्ड कुणाचं वाचायचं हे मलाच ठरवायचं होतं. परक्याच्या पोरीचं वाचलं असतं तर लोक म्हणाले असते, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणून घरचं वाचलं. वाटूरची गोजर भुजंग, पिवळं कार्ड. ही माझ्या धर्मराजसाठी बारशापासून बोललेली सून, आणि हे लग्न मी आज इथं मोडते, हेही सांगितलं. टाळ्या तूही ऐकल्यास.

पुन्हा एकदा समजावते. काही माणसांच्या रक्तातल्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात. हा दोष आईबापातल्या एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत राहतो, आपल्या गोजरसारखा. त्याला पिवळं कार्ड. ज्याच्यात दोष नाही त्याला पांढरं. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न केलं तर लेकराला दोन्हीकडून दोष यायची भीती असते, आणि असं लेकरू हातपाय सुजून, रक्त आटून झुरतं. पुष्कळशी शाळेचं तोंड पाहायच्या आधीच जातात. पांढऱ्याला मात्र दोन्ही चालतात. हे सगळं कार्डामागं छापलेलं आहे.

आणि हा दोष आपल्या घरातला नाही. वहिनीच्या दोन्ही भावांची लेकरं लहानपणी गेली होती, ते आठव. मग अब्रू कुणी कुणाची काढली ते बघ.

तू दुसरीतून शाळा सोडलीस म्हणून मी वसतिगृहात राहून शिकू शकले. मी ते विसरलेली नाही. म्हणून तर प्रत्येक सुट्टीत तुला पाटी घेऊन बसवायची. माझा पहिला विद्यार्थी तू. ओसरीवर पेपर उघडून बसलेला दादा डोळ्यांपुढं आला की मला अजून बरं वाटतं. तेव्हा हे पत्र सावकाश, अक्षर अक्षर लावून वाच. चावडीवर नेऊन गुरुजींकडून वाचून घेऊ नकोस. घरातली गोष्ट घरातच राहू दे.

गोजरला म्हणावं रडू नको. तिला पांढऱ्या कार्डाची छप्पन्न पोरं मिळतील.

तुझी बहीण,
डॉ. नंदा
(बेबी म्हणणं आता सोड. कार्यालयातले लोक हसतात.)

जालना, २७ एप्रिल १९८९

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अक्षर सुरेख आहे, माझी शिकवणी वाया गेली नाही म्हणायची. मजकूर मात्र दोनच ओळींचा. ‘पांढऱ्याला पिवळी चालते असं तुझ्याच कागदावर छापलं हाये. धर्मराजला पांढरं कार्ड भेटलं. मंग त्याला गोजर का न्हाई चालत?’

असे प्रश्न पोस्टकार्डावर विचारत नाहीत. पोस्टकार्ड चार हातांतून जातं आणि आठ डोळे ते वाचतात. पुढच्या वेळी पाकीट वापर, लागलं तर तिकिटं मी पाठवते.

आता उत्तर. नियमानं चालतं. पण जो नियम करतो त्यानं नियमापेक्षा चार पावलं पुढं राहावं लागतं. शिवाय मामे-आते भावंडांची लग्नं आता मोडीत काढायला हवीत, असंही माझं मत झालं आहे. हे मत बारशाच्या वेळी का नव्हतं असं वहिनी विचारेल. तेव्हा मी शिकत होते. एवढं उत्तर तिला पुरे.

दुसरी गोष्ट. माझ्या हाताखालचा लॅब टेक्निशियन इस्माईल तुझ्याकडे येऊन गेला का? आला असेल तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. तपासणीची रीत अगदी साधी आहे. औषधाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागं वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं दिसली तर पांढरं, गढूळ होऊन दिसली नाहीत तर पिवळं. यात डोकं लागत नाही, फक्त डोळे लागतात, आणि इस्माईलचे आताशा कमजोर झाले आहेत. मी त्याची बदली लांब सिरोंच्याला केली. बायको खैरुनबी पोटुशी आहे म्हणून तीन महिने थांबू द्या, अशी गयावया करत होता. नियम म्हणजे नियम.

जाताना कचेरीच्या पायरीवर उभा राहून तो मला म्हणाला, “बाई, दोन साल मी नळीमागं पेपर धरून राह्यलो. जे दिसलं ते बराबर लिहिलं. न दिसलेलं एकदाच लिहिलं, ते तुमी सांगितलं म्हणून.” हे तुझ्यापर्यंत कुणी पोचवलंच, तर त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

कैऱ्यांची पिशवी मिळाली. मी तुला बोल लावावेत आणि तू मला कैऱ्या पाठवाव्यास, हे काही मला कळत नाही. माणसाला थोडा तरी ताठा असावा.

डॉ. नंदा

औरंगाबाद, ११ जानेवारी १९९२

दादा,

मी आता उपसंचालक आहे. कार्डाची योजना चार जिल्ह्यांत गेली. मुंबईच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी माझी ओळख करून दिली ती अशी, ‘या त्या बाई, ज्यांनी स्वतःच्या मुलाचं लग्न भर सभेत मोडलं.’ सगळे उभे राहिले. वाटूरला जे तुम्हाला लाज म्हणून दिसलं, त्याला इथं धैर्य म्हणतात.

धर्मराजचं लग्न नोव्हेंबरात पुण्याला झालं. सून इंजिनिअर आहे, कार्ड पांढरं, नळी मी स्वतः पाहिली. तू आला नाहीस. पत्रिका मुद्दाम उशिरा टाकली असं वहिनीचं म्हणणं आहे. टपाल खातं माझ्या हाताखाली नाही.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. मंठ्याच्या नर्सबाईंचा कागद माझ्या टेबलावर आला, त्यात गोजरचं नाव आहे. तिचं लग्न तू मे महिन्यात मंठ्याच्या कडूबाशी लावलंस. कडूबाचं कार्डही पिवळं. दादा, तुझी अक्कल चरायला गेली होती का? कार्डामागं एवढ्या ठळक अक्षरांत छापलेलं तुला वाचता येत नाही?

नर्सबाईंनी सगळा प्रकार लिहिला आहे. गोजरला पांढऱ्या कार्डाची अकरा स्थळं दाखवली आणि अकराही ठिकाणांहून नकार आला. एका ठिकाणची म्हातारी सरळ म्हणाली, “डॉक्टरीणबाईचं पोरगं पांढरं असून तिनं सोताची भाची टाकली. तिला कळत न्हाई आन आमाला कळतं व्हय?” मग मध्यस्थानं तोड काढली की पिवळ्याला पिवळी बघा, रंगाला रंग जुळतो. जोशीबुवांनी दोन्ही कार्डं पत्रिकेत घालून दोऱ्यानं बांधली, हळदीच्या दिवशी देवापुढं ठेवली आणि छत्तीस गुण जुळले म्हणून पेढे वाटले. आता तीनही तालुक्यांत अशीच सोयरीक जुळवतात म्हणे. चूक थोडी माझीही झाली. जालन्याच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा पिवळा पुठ्ठा उरला होता, स्वस्त पडला म्हणून कार्डं त्यावरच छापून घेतली. पण पुठ्ठ्याचा रंग बघून लेकीचं लग्न ठरवणाऱ्यांना काय म्हणावं?

गोजर तीन महिन्यांची गरोदर आहे, हेही त्याच कागदात आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला चारांत एक इतकी भीती असते. आता देवाला नवस करा. देवानं ऐकलं नाही तर माझ्या नावानं खडे फोडू नका.

हुरडा मिळाला, सोबतची तिळाची चटणीही. इतकं होऊन तू पाठवतोस तरी कसा?

डॉ. नंदा

मुंबई, ३ सप्टेंबर १९९६

दादा,

ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत येण्याआधी मीच लिहिते.

गेल्या महिन्यात मी जालन्याच्या एका दवाखान्याच्या तपासणीला गेले होते. बरोबर सहा अधिकारी होते. लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर गोजर बसली होती. मांडीवर तिचा मुलगा, अंकुश. चार वर्षांचा असूनही दोन वर्षांचा वाटत होता, हाताची बोटं सुजून टचटचीत झालेली. गोजरच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पिवळं कार्ड होतं. रक्त हवं असलेली पाच लेकरं होती आणि बाटल्या दोन. अंकुशचा नंबर चौथा.

ड्युटीवरचा डॉक्टर नवा होता. तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मॅडम, ती बाई म्हणून राह्यली की ती तुमची भाची हाये. तिच्या पोराला आधी लावू का?”

मी म्हणाले, मी यांना ओळखत नाही, नंबरानं लावा.

माझ्या जागी दुसरं कुणीही असतं तरी त्यानं हेच करायला हवं होतं. वशिल्यानं बाटली मिळाली असती तर पहिल्या दोघांतलं एक लेकरू मागं पडलं असतं. तीही कुणाची तरी नातवंडंच. शिवाय त्या सहा जणांतल्या दोघांना माझी खुर्ची हवी आहे. गोजरनं पदर सारखा केला आणि रांगेत जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं.

अंकुश तिसऱ्या दिवशी गेला हे मला कालच कळलं. वाईट झालं. पण मी साडेचार वर्षांपूर्वी तुला काय लिहिलं होतं, ते पत्र काढून पाहा. धाकटी मुलगी आहे म्हणे, तिला तपासून घ्या. आणि आता पुरे करा.

मी भेटायला येणार नाही. आले तर लोक दोन्ही बाजूंनी बोलतील.

डॉ. नंदा

पुणे, १५ मार्च २०००

दादा,

तू पाठवलेली ज्वारी मिळाली. अंकुश गेल्यानंतरच्या हिवाळ्यातसुद्धा तुझा हुरडा आला होता, तेव्हा मी पिशवी दोन दिवस उघडली नव्हती. हे तुला कधी लिहिलं नाही.

आज कुणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून लिहिते. योजनेला अकरा वर्षं झाली तेव्हा हिशेब मागितला गेला. आकडेमोड करणारा एक तरुण मुलगा आहे, त्यानं माझ्यापुढं एक कागद ठेवला. आपल्या तीन तालुक्यांत योजनेआधीच्या दहा वर्षांत अशी आजारी लेकरं एकेचाळीस जन्मली होती. योजनेनंतरच्या दहा वर्षांत सत्त्याण्णव. जिथं कार्डं वाटली नाहीत तिथं आकडा जिथल्या तिथं आहे. त्यानं मला विचारलं, मॅडम, असं कशामुळं झालं असेल?

मी अहवालात लिहिलं, ‘जनतेचे अज्ञान व रूढींचा पगडा.’ मंत्र्यांना वाक्य आवडलं. योजना आता सगळ्या राज्यात जाणार आहे आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. फोटो पाठवत नाही. तुमच्याकडे तो कुठं लावाल हा प्रश्नच आहे.

तब्येतीला जप. वहिनीला काही सांगू नकोस.

नंदा

पुणे, २ जून २००३

प्रिय दादा,

दोन हिवाळे हुरडा आला नाही. आता कुठं तू रागावलास वाटतं. उशिरा का होईना, ताठा आला. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मी हिवाळाभर कुरिअरच्या पोराला विचारत होते, जालन्याकडून काही आलं का.

धर्मराजनं मला सोडलं आहे. गेल्या महिन्यात सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाआधी दवाखान्यानं दोघांचं रक्त तपासलं. सुनेचं स्वच्छ निघालं, धर्मराजचं पिवळं. माझ्या सहीचं पांढरं कार्ड हातात घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला आणि एवढंच विचारलं, “हे कोणी लिहिलं?” मी उत्तर द्यायच्या आत त्याला ते कळलं होतं. तेव्हापासून नात माझ्याकडे येत नाही. नात ठणठणीत आहे, दादा. गोरीगोमटी, दांडगट, एका जागी बसत नाही. बाप पिवळा आणि आई पांढरी असली की लेकरं अशी होतात. गोजरचीही झाली असती.

तुझ्या त्या पोस्टकार्डाचं खरं उत्तर मी चौदा वर्षांनी देते.

मैदानावरच्या त्या रविवारच्या महिनाभर आधी धर्मराज सुट्टीवर आला होता. इस्माईलनं त्याच्या बोटाला सुई लावली, नळी हलवली आणि मागं पेपर धरला. पेपर त्यानं आणखी जवळ आणला. मग म्हणाला, “बाई, काहीच दिसत न्हाई.” मी नळी खिडकीशी नेली. पेपरचा मोठा मथळासुद्धा दिसत नव्हता. दुसऱ्यांदा केलं, तेच. मी म्हणाले, लिही, पांढरं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. तो गेल्यावर मी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. माझीही नळी गढूळ. म्हणजे हे आपल्याच आईबापांतल्या एकाकडून आलेलं, मला आणि बहुधा तुलाही. वहिनीच्या माहेराला मी उगाच डाग लावला. मला ते तेव्हाही माहीत होतं.

दोघं पिवळे, म्हणून ते लग्न मोडणं बरोबरच होतं. मला फक्त एक वाक्य जास्त बोलायचं होतं. ‘माझा मुलगाही पिवळा आहे, म्हणून हे दोघं एकमेकांना नकोत, पण दोघांनाही पांढरा जोडीदार चालतो.’ ते वाक्य मी कागदावर लिहून आणलं होतं, दादा, ते माझ्या पर्समध्ये होतं. माईकपुढं उभी राहिले तेव्हा पहिल्या रांगेत पुण्याचे एक डॉक्टर बसले होते, त्यांना धर्मराजसाठी त्यांच्या नात्यातली मुलगी सुचवायची होती. मी पर्स उघडलीच नाही.

लोक कार्डामागचं वाचत नाहीत, माणसाकडे बघतात. त्यांनी पाहिलं की पांढऱ्या पोराच्या आईनं, तीही डॉक्टर, पिवळी पोर टाकली. मग कुणी कशाला घेईल? पांढऱ्यांनी पिवळ्यांना दारं लावली, पिवळ्यांना पिवळेच उरले. त्या तरुण मुलाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. एकेचाळीसच्या पुढचं प्रत्येक लेकरू माझ्या पर्समधल्या त्या कागदाच्या हिशेबात येतं. अंकुशसुद्धा.

आता ऐक. पुढच्या महिन्यात दिल्लीला सगळ्या देशासाठी समिती बसते आहे आणि तिची अध्यक्ष म्हणून माझं नाव गेलं आहे. तिथं बसले तर मी नियम सुधारेन. आजवरचं सगळं भरून काढेन. पण हे बाहेर फुटलं तर मीही राहणार नाही आणि योजनाही राहणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून हात जोडून सांगते, हे पत्र तू एकट्यानं वाच आणि चुलीत घाल. वहिनीला नको, कडूबाला नको. गोजरला तर मुळीच दाखवू नकोस, तिला ते सोसणार नाही.

सोबत ते वाळे परत पाठवते. तिच्या मुलीच्या पायात घाल. आत्यानं दिले म्हणून सांग.

एकदा मला ‘बेबी’ म्हणून पत्र पाठव.

तुझी,
बेबी

मंठा, १६ जून २००३

आत्या,

नमस्कार. वाळे मिळाले. माझी पोर नऊ वर्षांची आहे, तिच्या पायात ते जात नाहीत.

अण्णांना, तुमच्या दादांना, जाऊन दीड वर्ष झालं. कार्तिकात गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तुम्हाला कळवू नका असं माय म्हणाली आणि मलाही ते पटलं. हुरडा म्हणून आला नाही. अण्णा रागावले नव्हते.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. अण्णांना वाचता येत नव्हतं. सही येत होती, बाकी तुम्ही पाटीवर शिकवलेलं काहीच त्यांना कधी लागलं नाही. पण तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, तुम्ही यायच्या दिवशी ते पेपर उघडून ओसरीवर बसायचे. कधी उलटा धरायचे, मग मी जाऊन सुलटा करायची. पत्र चावडीवर नेऊ नको, घरातच ठेव, असं तुम्ही लिहिलंत. घरात वाचता येणारी मी एकटीच होते. तुमची सगळी पत्रं मीच वाचली आहेत. ते पोस्टकार्डही माझंच. प्रश्न माझा होता, अण्णांचं मी फक्त नाव घातलं होतं.

पहिलं पत्र मोठ्यानं वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. अण्णा समोर बसले होते. म्हणाले, “काय म्हणून राह्यली माजी बेबी?” मी म्हणाले, आत्या म्हणते, दादा, सरकारी कामामुळं माझा नाइलाज झाला, मला माफ कर, गोजरला जवळ घे. अण्णा म्हणाले, “मला म्हाईतच व्हतं. तिला कैऱ्या लई आवडतात, कैऱ्या धाडू.”

तेव्हापासून मी तसंच वाचत आले. लग्न झाल्यावर तुमचं पत्र आलं की अण्णा बाजारच्या दिवशी वाटूरहून मंठ्याला यायचे, पाकीट बंडीच्या खिशात, तोंड न फोडलेलं. मी कागदाकडे बघून माझ्या मनचं वाचायची. आत्याला हुरड्याची आठवण येते. आत्याला रजा मिळत नाही. दवाखान्यातलं पत्र आलं तेव्हा अंकुशचं तेरावं झालेलं होतं. ‘मी यांना ओळखत नाही’ ही ओळ माझ्या समोर होती आणि मी वाचलं, आत्या म्हणते, गर्दीत मी ओळखलं नाही रे दादा, ओळखलं असतं तर लेकराला उचलून घेतलं असतं. अण्णा खूप रडले. अंकुशसाठी ते आधीच रडून झाले होते, त्या दिवशी तुमच्यासाठी रडले. धाकटीचं नाव त्यांनीच हट्टानं नंदा ठेवलं आहे.

इस्माईलचाचा आमच्याकडे कधीच आले नव्हते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तुमच्या पत्रातूनच मला ते कळलं, आणि काय ते मी तेव्हाच समजले होते. पण माझ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला असता? तुमची सही असलेला कागद पाहिजे होता. तो आता मिळाला.

मला सोसणार नाही असं तुम्ही लिहिलं आहे. मी आता अंगणवाडीत आहे. येत्या रविवारी वाटूरला त्याच मैदानावर कार्डवाटप आहे, तुमच्याच योजनेचं, आता शाळेतल्या लेकरांनाही कार्डं देतात. नावं वाचायचं काम माझ्याकडे आहे. पहिलं कार्ड माझ्या नंदाचं आहे, पिवळं. तिला पांढरा नवरा चालतो, हे गावाला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि माझ्या सांगण्यानं ते ऐकणार नाहीत. म्हणून कार्डाच्या आधी तुमचं पत्र वाचणार आहे. तारखेपासून सहीपर्यंत. ‘बेबी’सुद्धा. पेपरवाल्यांना निरोप गेला आहे.

चुलीत घालायला सांगितलं होतं, ते जमणार नाही. चौदा वर्षांत तुमचं हे एकच पत्र असं आहे, की ते मला जसंच्या तसं वाचता येईल.

गोजर